टॅग भागाला लावा, माणसाला नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आनेवाडीच्या टोलनाक्यावर गाडी पुरती थांबतही नाही, तोवर दांडा वर जातो. काचेला चिकटवलेल्या फास्टॅगमधला नंबर वरच्या यंत्राने वाचलेला असतो आणि पैसे वळते झालेले असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला, आणि आता शाळकरी पोरालाही त्याचं काही वाटत नाही. मला मात्र त्या नाक्यावरून जाताना दर वेळी पोलादाच्या सहा कॅपा, म्हणजे इंजिनातल्या रॉडांना लागणारे भाग, आठवतात. त्यांच्यापायी आमच्या शॉपची, म्हणजे वर्कशॉपमधल्या आमच्या विभागाची, तीन दिवसांची झोप उडाली होती. त्या कॅपांबद्दल, आणि त्या निमित्ताने लष्कराच्या जुन्या सामग्रीच्या ओव्हरहॉलमध्ये रेडिओ टॅग वापरण्याबद्दल लिहायचं आहे. पत्र लांबलं आहे. काटछाट करावी लागली तर कॅपांची हकीकत तेवढी ठेवावी, ही विनंती.

मी लष्कराच्या ईएमई शाखेत, म्हणजे लष्कराची यंत्रसामग्री दुरुस्त करणाऱ्या शाखेत, २८ वर्षं नोकरी केली. सिकंदराबादला ट्रेनिंग झालं, ट्रेड मेकॅनिकचा, चिलखती गाड्यांचा. युनिटबरोबर वाळवंटात राहिलो, डोंगरात राहिलो, आणि मधल्या दोन टेन्युअर (नेमणुका) एका आर्मी बेस वर्कशॉपमध्ये काढल्या. अशी वर्कशॉपं देशात आठ आहेत : दिल्ली, मेरठ, आग्रा, अलाहाबाद, जबलपूर, कांकिनारा, खडकी आणि बंगळुरू. यांपैकी माझं कोणतं ते लिहीत नाही. जे सांगणार आहे तो कुणा एका वर्कशॉपचा दोष नाही आणि तिथल्या कारागिरांबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

आपल्या दैनिकात नवी तोफ आली, नवं विमान आलं, की पहिल्या पानावर फोटो येतो. यावाच. पण फौज नव्यावर कमी आणि जुन्यावर जास्त चालते. रणगाडा ठरलेले किलोमीटर, ठरलेले तास चालला की बेस वर्कशॉपला येतो आणि तिथे तो उघडला जातो. उघडला म्हणजे किती, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. क्रेनने टरेट, म्हणजे तोफेचा फिरता मनोरा, उचलून बाजूला ठेवतात. इंजिन, गिअरबॉक्स, पट्टे, चाकं, टॉर्शन बार, पाइप, वायरिंग, सगळं निघतं. शेवटी शेडमध्ये नुसती हल, म्हणजे रणगाड्याचं खालचं धड, उरते, मांस काढलेल्या कवटीसारखी. निघालेला प्रत्येक भाग धुतला जातो, मोजला जातो, चीर गेली आहे का ते तपासलं जातं. चालणारा ठेवायचा, सुधारण्याजोगा सुधारायचा, गेलेला बदलायचा. मग सगळं परत जोडून, टेस्ट बेडवर आणि ट्रॅकवर चालवून, रंग देऊन युनिटला परत. याला नुसती दुरुस्ती म्हणणं अन्याय आहे. एक जुना रणगाडा मोडून त्याच्यातूनच दुसरा उभा केलेला असतो.

आणि या कामात मोडणं-जोडणं जेवढं आहे, तेवढंच शोधणं आहे. माझ्या दुसऱ्या टेन्युअरला मला प्रोग्रेसचं काम दिलं होतं. कागदावर ते काम कोणता जॉब कुठवर आला याची नोंद ठेवण्याचं. प्रत्यक्षात मी सकाळी साडेसातपासून हातात जॉब कार्डांचा गठ्ठा घेऊन एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये फिरायचो आणि विचारायचो, अमक्या इंजिनाचा ऑइल पंप पाहिलात का, तमक्या गाडीची फायनल ड्राइव्ह प्लेटिंगहून आली का. संध्याकाळी पाय दुखायचे, आणि वहीत दहातले चार भाग ‘मिळाला नाही’ असे असायचे.

भाग हरवतात कसे? आळस, बेफिकिरी असं लोक पटकन म्हणतात. मी कारण सांगतो. इंजिन उघडलं की त्याचं कुटुंब एकत्र राहूच शकत नाही. पोलादाचे भाग गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत जातात, तेल, काजळी, जुना रंग सगळा उतरतो. पण क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, ॲल्युमिनियमची. ती कॉस्टिकमध्ये घातली तर कॉस्टिक तिलाच खातं, म्हणून तिची धुलाई वेगळी, वेगळ्या शेडमध्ये. पोलादाची चीर चुंबक लावून, लोखंडी भुकटीच्या पाण्याने शोधतात. ॲल्युमिनियमला चुंबक चालत नाही, तिथे रंगाचं द्रावण लावून बघावं लागतं. काही भाग क्रोम प्लेटिंगला, काही ग्राइंडिंगला, इंधनाचा पंप बंद खोलीत वेगळ्या लोकांकडे. एका इंजिनाचे भाग आठ-दहा ठिकाणी पांगतात आणि प्रत्येक ठिकाणी रांग वेगळी. पंढरीच्या वारीत दिंड्यांची चुकामूक व्हावी तशी गत होते, फक्त इथे भागाला तोंड नाही, ‘मी अमक्या दिंडीचा’ असं तो सांगत नाही.

आता कॅपा.

पावसाळा होता. रशियन बनावटीच्या रणगाड्याची दोन इंजिनं एकाच आठवड्यात उघडली होती. बारा सिलिंडरचं इंजिन, सहा-सहाच्या दोन ओळी. यात एका ओळीचे मुख्य कनेक्टिंग रॉड (पिस्टनचे दांडे) इंजिनाच्या फिरत्या क्रँकशाफ्टला धरतात आणि दुसऱ्या ओळीचे रॉड त्या मुख्य रॉडांना पिनेने जोडलेले असतात. म्हणजे सिलिंडर बारा असले तरी मोठ्या तोंडाचे रॉड सहा आणि त्यांच्या कॅपाही सहा. कॅप म्हणजे त्या तोंडाचा बोल्टने आवळायचा सुटा अर्धा भाग. कारखान्यात रॉड आणि कॅप एकत्र आवळतात आणि मगच आतलं भोक मशीनवर काढतात. त्यामुळे एका रॉडची कॅप दुसऱ्या रॉडला चालत नाही. बसते, बोल्टही लागतात, पण गोलाई किंचित चुकते. तेवढ्याने बेअरिंग तापतं, बेअरिंग गेलं की रॉड तुटतो, आणि तुटलेला रॉड इंजिनाचं पोट फाडून बाहेर येतो.

कॅपांवर आणि रॉडांवर नंबर ठोकलेले असतात, एक ते सहा. पण दुसऱ्या इंजिनाच्या कॅपांवरही एक ते सहाच. कोणती टोपली कोणत्या इंजिनाची हे सांगायला पत्र्याचा बिल्ला असतो, तारेने बांधलेला, त्यावर इंजिनाचा नंबर पंचने ठोकलेला. त्या दिवशी कॉस्टिकच्या टाकीतून दोन टोपल्या वर आल्या तेव्हा एकीचा बिल्ला तार तुटून टाकीच्या तळाला गेला होता. दुसरीवरचा होता, पण त्यावर आधीच्या खेपेचा नंबर खोडून नवा ठोकलेला, आणि तो ‘३’ आहे की ‘८’ यावर दोघांची दोन मतं.

टेबलावर आल्या सहा कॅपा. यायला हव्या होत्या बारा. आणि आलेल्या सहा कोणाच्या हेही कुणाला सांगता येईना.

तीन दिवस शोधलं. टाकीचा गाळ उपसला. भंगाराचा ढीग उलटापालटा केला. गेटपासच्या नोंदी बघितल्या, कारण चोरीचा संशय आला आणि तो दोन गरीब पोरांवर आला. ती पोरं माझ्याकडे बघायची तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. चौथ्या दिवशी चीर तपासण्याच्या शेडमध्ये एका रॅकमागे गोणपाटाखाली सहा कॅपा सापडल्या. पत्रा गळत होता, खाली ठेवलेल्या मालाला गंज चढेल म्हणून कुणीतरी भल्या मनाने त्या उचलून कोरड्या जागी ठेवल्या होत्या, वर तेलाचा हात फिरवला होता, गोणपाट झाकलं होतं. आणि मग तो माणूस रजेवर गेला होता.

कॅपा मिळाल्या, जोड्या लावायच्या राहिल्या. ते काम आमच्या इंजिन शॉपच्या सिव्हिलियन उस्तादांनी केलं. त्या बाकावर तीस वर्षांहून जास्त घालवलेला माणूस. एक नंबरचे दोन रॉड, एक नंबरच्या दोन कॅपा. एक लावायची, टॉर्क रेंचने ठरल्या जोराने आवळायची, बोअर गेज (भोकाचं माप घेणारं साधन) आत घालून तीन ठिकाणी मोजायचं, सोडायची, दुसरी लावायची, पुन्हा मोजायचं. मी शेजारी उभा राहून आकडे लिहीत होतो. मोजून झालं की ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि जोडावरून अंगठ्याचं नख फिरवायचे, डोळे मिटून. पाच जोड्या लागल्या. चार नंबरच्या दोन्ही कॅपा दोन्ही रॉडांवर जवळपास सारखंच माप दाखवत होत्या. वरून तगादा होता, दोन्ही इंजिनं त्या महिन्याच्या हिशेबात धरलेली होती. उस्तादांनी ते दोन रॉड बाजूला ठेवले आणि म्हणाले, “साहब, इसपे मैं दस्तखत नहीं करूंगा.” बदली रॉड यायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस दोन इंजिनं पडून, आणि दोन रणगाडे इंजिनावाचून शेडमध्ये.

त्या उस्तादांकडे एक वही होती, पुठ्ठ्याची, तेलाने काळी झालेली. कोणत्या इंजिनाचा कोणता भाग कुठे धाडला, कोणाच्या हाती दिला, सगळं त्यांच्या अक्षरात. अख्खं शॉप त्या वहीवर चालायचं. माझी बदली झाल्यावर वर्षभराने ते निवृत्त झाले. पुढे कळलं की त्यांचं कपाट रिकामं करताना वहीही भंगारात गेली. वर्दीतली माणसं दोन-तीन वर्षांत बदलून जातात, खरं ज्ञान सिव्हिलियन कारागिरांपाशी असतं, आणि ते एका वहीत राहावं ही आपली व्यवस्था. मला त्या वहीचं आजही वाईट वाटतं.

निवृत्तीनंतर काही वर्षं मी शिरवळजवळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. मोटारींचे भाग बनवणारा कारखाना. तिथे क्रेट आणि ट्रॉल्यांना रेडिओ टॅग लावले होते आणि तिथेच मला कळलं की आम्ही पाय झिजवून जे करत होतो ते एक पातळ पट्टी करू शकते. लोकांना यात जादू वाटते, म्हणून थोडं सांगतो. फास्टॅगसारख्या साध्या टॅगात बॅटरी नसते. एक तांदळाच्या कणीएवढी चिप आणि तिला जोडलेली धातूची नक्षी, तीच तिची अँटेना. वाचणारं यंत्र रेडिओ लहर सोडतं, आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. त्या लहरीतूनच टॅगला जाग येण्यापुरती वीज मिळते आणि तो आपला नंबर परत पाठवतो. काही मीटरपर्यंत चालतं. दुसरा प्रकार बॅटरीवाला. तो स्वतःहून ठरावीक वेळाने हाक देत राहतो, छताला लावलेल्या अँटेना ती हाक ऐकतात, कोणत्या अँटेनाला किती आधी पोचली यावरून जागा काढतात, आणि पडद्यावरच्या नकाशात ठिपका दिसतो.

अमेरिकेच्या लष्कराने हे फार आधी ओळखलं, आणि तेही ठेच लागल्यावर. १९९१ च्या आखाती युद्धात त्यांनी सुमारे ४० हजार कंटेनर धाडले. त्यांतले निम्म्याहून अधिक नुसतं आत काय आहे हे बघायला उघडावे लागले. सामान होतं, पण कुठे होतं हे कुणाला माहीत नव्हतं. त्यातून पुढे कंटेनरांना बॅटरीवाले टॅग आले, आणि २००४ मध्ये त्यांच्या संरक्षण खात्याने पुरवठादारांच्या खोक्यांना आणि पॅलेटना टॅग लावण्याचं धोरण काढलं.

पण माझ्या आस्थेचा विषय त्यांचे डेपो. पेनसिल्व्हेनियात टोबीहॅना नावाचा लष्करी डेपो आहे, इलेक्ट्रॉनिक सामग्रीच्या ओव्हरहॉलसाठी प्रसिद्ध. शत्रूची तोफ कुठून डागली गेली हे हवेतल्या गोळ्यावरून शोधणारी फायरफाइंडर रडारं तिथे पूर्ण सुटी करून पुन्हा उभी केली जातात. एका रडारचे भाग वेगवेगळ्या इमारतींतल्या शॉपांत जातात, अगदी आमच्या इंजिनासारखे. त्या भागांना त्यांनी बॅटरीवाले टॅग लावले आणि कोणता भाग आत्ता कोणत्या शॉपमध्ये आहे, किती वेळ तिथेच अडकला आहे, हे पडद्यावर आणलं. त्यांच्या ॲब्रॅम्स रणगाड्याचं तर विशेषच. तो अलाबामातल्या ॲनिस्टनला उघडायचा आणि शेकडो मैल दूर, ओहायोतल्या लायमाला जोडायचा, अशीही पद्धत त्यांनी चालवली. उघडणारे हात वेगळे, जोडणारे वेगळे, मध्ये एवढा रस्ता. तिथे उस्तादांची वही पुरणारच नाही.

आपल्याकडे का नको? नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१६ मध्ये बेस वर्कशॉपांच्या कामावर स्वतंत्र अहवाल दिला. ओव्हरहॉलची उद्दिष्टं पुरी होत नाहीत आणि सुट्या भागांची वानवा आहे, हे त्यात आलं. त्यानंतर चर्चा रंगली ती ही वर्कशॉपं सरकारने चालवावीत की खासगी कंपन्यांनी, यावर. माझं म्हणणं, चालवणारा कोणीही असो, त्याला सकाळी कॅपा शोधाव्याच लागतील.

शिरवळला मी टॅगचे गुण पाहिले तसे चटकेही सोसले. ते न सांगता ‘टॅग लावा’ म्हटलं तर ती फसवणूक होईल. पहिला चटका लोखंडाचा. स्वस्तातले टॅग आणून थेट लोखंडी ट्रॉल्यांना चिकटवले आणि निम्मे वाचलेच जाईनात. लोखंड लहर परतवतं, आणि टॅग त्याला चिकटला की त्याची अँटेना बिघडल्यासारखी वागते. फास्टॅग काचेवर लावायला सांगतात, पत्र्यावर नाही, ते याचसाठी. लोखंडावर चालणारे टॅग वेगळे असतात, मध्ये फोम किंवा सिरॅमिकचा थर असलेले, आणि महाग. साधा टॅग काही रुपयांत मिळतो, तर त्याला माझ्या वेळी शंभराच्या पुढे पडायचे. बेस वर्कशॉपमध्ये तर चारी बाजूंनी लोखंडच. तिथे टेंडरमध्ये ‘टॅग, नग इतके’ एवढंच लिहून खरेदी झाली तर वर्षभरात ते सगळे टॅग कपाटात जातील आणि पुढची वीस वर्षं ‘आम्ही करून बघितलं, चालत नाही’ असं सांगितलं जाईल. मला याचीच जास्त भीती वाटते.

दुसरा चटका दाराचा. दारावरचं यंत्र दाराजवळ नुसत्या उभ्या ट्रॉलीचाही टॅग वाचायचं. एकदा कंप्युटरने एक अख्खी खेप ‘रवाना’ दाखवली आणि ती खेप दारापासून दहा पावलांवर उभी होती. चालक तिथेच चहा पीत होता. अँटेनाची दिशा, लहरीचा जोर, ट्रॉली कुठे उभी करायची यासाठी जमिनीवर पिवळे पट्टे, हे सगळं बसवायला दोन महिने गेले. हे काम यंत्र विकणारा करत नाही. शॉपफ्लोअरवर रोज उभा राहणारा माणूसच ते करू शकतो.

तिसरी गोष्ट, टॅग कशाला लावायचा. भागालाच लावला तर कॉस्टिकची टाकी, शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून सफाई), रंगाची भट्टी यांत तो टिकत नाही. ट्रॉलीला लावला तर ट्रॉली सापडते, पण भाग दुसऱ्याच ट्रॉलीत गेलेला असतो. यावर माझ्या गोठ्यातला दाखला देतो. माझ्या म्हशीच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला आहे, बारा आकडी. तो ही म्हैस कोणाची ते सांगतो, पण ती आत्ता कोणाच्या उसात शिरली आहे ते सांगत नाही. तशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भागाची ओळख त्याच्या अंगावर कोरलेली हवी, लेझरने, न पुसणारी, इंजिनाच्या नंबरासकट, म्हणजे ‘एक ते सहा’चा घोटाळा उरणार नाही. अमेरिकेने २००३ मध्येच महत्त्वाच्या लष्करी वस्तूंना असा कायमचा, यंत्राने वाचता येणारा नंबर देण्याचं धोरण आणलं. आणि भाग कुठे आहे हे सांगायला रेडिओ टॅग, तो ज्या पिंजऱ्यात आहे त्याला. दोन्ही लागतात. एक आणून दुसऱ्याचं काम होत नाही.

सुरक्षेची शंका मला गावातल्या माजी सैनिकांच्या बैठकीतही विचारली गेली आणि ती रास्त आहे. साध्या टॅगात नुसता नंबर ठेवावा. तो नंबर कोणत्या गाडीचा, कोणत्या पलटणीचा, हे वर्कशॉपच्या आतल्या कंप्युटरवर राहावं आणि तो कंप्युटर बाहेरच्या इंटरनेटला जोडलेला नसावा. बॅटरीवाला टॅग मात्र ओरडणारी वस्तू आहे, त्याची हाक दुसराही ऐकू शकतो. म्हणून गाडी जोडून झाली की ट्रॅकवर नेण्याआधी प्रत्येक टॅग काढून, मोजून, सही करून जमा झाला पाहिजे. साध्या टॅगांतही कायमचं बंद करण्याची आज्ञा असते, ती पासवर्डने देता येते. आणि दारूगोळा जिथे असतो तिथे रेडिओ लहरीचं कोणतंही यंत्र, त्याचा जोर तपासून लेखी परवानगी मिळाल्याशिवाय, न्यायचं नाही. गाडी वर्कशॉपला येण्याआधी दारूगोळा उतरवलेला असतोच, पण नियम कागदावर हवा.

आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचं आहे ते. शिरवळला टॅग आले आणि सहा महिन्यांत कुणाच्या तरी डोक्यात आलं की हेच टॅग कामगारांच्या ओळखपत्रात घालावेत, कोण किती वेळ बाकावर असतो, किती वेळ मुतारीत, हे बघावं. बातमी फुटली त्या दिवसापासून टॅग ट्रॉलीवरून गळून पडायला लागले. कुणी मुद्दाम तोडले असं मी म्हणत नाही. पण पडलेला टॅग उचलून परत लावायला कुणी वाकेना. चाललेली चांगली गोष्ट एका निर्णयाने मेली.

बेस वर्कशॉपमध्ये हे होऊ देऊ नका. ज्या उस्तादाने वरचा तगादा असताना सही नाकारली, त्याच्या गळ्यात टॅग घालून काय मोजणार आहात? ते दोन रॉड त्याने बाजूला ठेवले, म्हणून कुठेतरी एक ड्रायव्हर सुखरूप राहिला असेल, आणि ही गोष्ट कोणत्याही अँटेनाला दिसत नाही. टॅग भागाला लावा. त्याच्या पडद्यावर जे साहेबांना दिसतं तेच बाकावरच्या फिटरलाही दिसू द्या, हिंदीत, मोठ्या अक्षरात. त्याला कळू द्या की त्याचा भाग प्लेटिंगला चार दिवस अडकला आहे आणि यात त्याचा दोष नाही. मग तोच टॅग जपेल.

हा पडदा काहींना नकोसाही होईल. एक गाडी पुरी करायला भाग मिळाला नाही की रांगेतल्या मागच्या गाडीचा काढून पुढच्या गाडीला लावतात. नाइलाजाने, सहीने होतं ते. पण मग मागची गाडी आणखी मागे जाते, आणि तिचा भाग कशात गेला हे वर्षभराने कागदांच्या ढिगातून काढावं लागतं. टॅग असेल तर ते त्याच दिवशी दिसेल. टंचाई झाकली जाणार नाही. टॅग नवा भाग बनवून देणार नाही, हे खरं. पण कोणता भाग खरोखर नाही आणि कोणता गोणपाटाखाली आहे, एवढं वेगळं करून दिलं तरी मागणी योग्य जागी, योग्य वेळी जाईल. आणि दोन गरीब पोरांवर चोरीचा आळ येणार नाही.

सगळ्या आठ वर्कशॉपांत एकदम, प्रत्येक नटबोल्टला टॅग, असली मागणी मी करत नाही. सुरुवात जोडीच्या भागांपासून करावी. रॉड आणि कॅप. डिझेल पंपातला प्लंजर आणि त्याचं बॅरल, ज्यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते आणि जे एकमेकांवर घासूनच बसवलेले असतात. क्राउन आणि पिनियन, ही एकमेकांत बसणारी दातेरी चाकं. या जोड्या फुटल्या की पैशाने लगेच भरून येत नाही. एका वर्कशॉपच्या एका इंजिन शॉपमध्ये वर्षभर चालवावं, आणि ते चालवायला बाहेरचा विक्रेता नको, तिथलाच एक चार्जमन (सुपरवायझर) आणि एक तरुण जवान नेमावा.

यासाठी मी घरी एक गोष्ट करून पाहिली आहे. कोरेगावच्या एका वेल्डरकडून जाळीचा पिंजरा करून घेतला, सहा कप्प्यांचा. प्रत्येक कप्प्यात एक रॉड आणि त्याची कॅप, वर झाकण आणि झाकणाला कडी. ट्रॅक्टरची इंजिनं खोलणाऱ्या गॅरेजात दोन महिने तो वापरायला दिला. शिरवळच्या एका जुन्या सहकाऱ्याने हातात धरायचं टॅग वाचणारं यंत्र चार दिवस उसनं दिलं. टॅग जाळीला टेकून बांधला तर चार-पाच बोटांवरूनही वाचला जाईना. मग उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची दोन इंच उंचीची टोपी करून ती पिंजऱ्याच्या कडीवर बसवली आणि टॅग तिच्यात घातला. पिंजरा डिझेलने माखलेला, आत लोखंड भरलेलं, तरी सात-आठ पावलांवरून नंबर यायला लागला. गरम सोड्याच्या पाण्यात पिंजरा बुडवताना टोपी फिरवून काढायची, बाहेर काढल्यावर लगेच परत बसवायची. ती न बसवता पिंजरा टेबलावर ठेवताच येऊ नये म्हणून टेबलावर खाच कशी ठेवावी, हे गॅरेजातल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराने सुचवलं. मला ते सुचलं नव्हतं.

त्या पिंजऱ्याचं मापांसकट चित्र मी काढून ठेवलं आहे. कुठल्याही बेस वर्कशॉपच्या अधिकाऱ्याला, आयटीआयच्या निदेशकाला किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हवं असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. मी स्वखर्चाने येईन, पिंजरा बरोबर आणीन. फक्त येण्याआधी चार दिवस कळवा, ऊसतोड सुरू आहे आणि घरी दुसरं कोणी नाही.

आपला,
एक निवृत्त नायब सुभेदार, ईएमई
ता. कोरेगाव, जि. सातारा
(कृपया नाव छापू नये.)